साउंड कार्डवरचा एसडीआर: एकच स्टेशन दोनदा का दिसतं, आणि कार्ड कोणतं घ्यायचं

प्रश्न देवगडहून आला आहे, एसडीआरबद्दल, म्हणजे ज्याचं बरंचसं काम संगणकातलं सॉफ्टवेअर करतं अशा रेडिओबद्दल. ४० मीटरच्या हौशी रेडिओ बँडचं क्रिस्टलवालं सॉफ्टरॉक रिसीव्हर किट जोडून झालंय, मध्य फ्रिक्वेन्सी ७.०५६ मेगाहर्ट्झ. लॅपटॉपला हेडफोन-माइकचा मिळून एकच जॅक. त्याला वाय अडॉप्टर लावून माइकच्या बाजूला रिसीव्हर जोडलाय. एचडीएसडीआर या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक स्टेशन मध्याच्या डावीकडेही दिसतं आणि उजवीकडेही, आणि मधोमध गुरगुर ऐकू येते. १९२ किलोहर्ट्झचं यूएसबी साउंड कार्ड घेतलं तर सुटेल का?

कार्ड घ्यावं लागणार, पण १९२ च्या आकड्यासाठी नाही. तुमच्या जॅकला माइकचा एकच चॅनेल आहे आणि या रिसीव्हरला दोन लागतात. दोन खरे, एकसारखे चॅनेल असलेलं ४८ किलोहर्ट्झचं साधं कार्डही हे दुखणं बरं करेल. एकाच चॅनेलचं कार्ड कितीही भारी असलं तरी करणार नाही.

सॉफ्टरॉकच्या बोर्डावर हे घडतं. २८.२२४ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला चारने भागून ७.०५६ मिळतात, तेही एकमेकांपासून ९० अंश सरकलेल्या दोन क्लॉकच्या रूपात. ॲन्टेनाकडून आलेला सिग्नल या दोन्हींशी मिसळून थेट ऑडिओत उतरतो आणि दोन तारांवर बाहेर पडतो: आय आणि क्यू. ७.०७० वरचं स्टेशन १४ किलोहर्ट्झचा सूर होतं. ७.०४२ वरचंही १४ किलोहर्ट्झचाच सूर होतं. एका तारेवर पाहिलं तर दोघांत काही फरक नाही. फरक असतो तो फक्त आय पाव आवर्तन पुढे आहे की क्यू, एवढाच. ही पुढे-मागेची माहिती संगणकापर्यंत पोचली नाही, तर सॉफ्टवेअर बिचारं स्टेशन दोन्हीकडे मांडतं, अगदी सारख्या ताकदीने.

म्हणजे रिसीव्हर बोर्डावर अर्धाच आहे. उरलेला अर्धा साउंड कार्डाच्या एडीसीत, म्हणजे सिग्नलचे आकडे करणाऱ्या भागात आहे, आणि कार्ड निवडताना रिसीव्हरचा भाग निवडतोय असं समजूनच निवडायला हवं.

आता तुमचा जॅक. लॅपटॉप आणि फोनच्या चार पट्ट्यांच्या जॅकमध्ये टोकाला डावा हेडफोन, मग उजवा, मग ग्राउंड आणि शेवटी माइक असतो. माइकला एकच पट्टी. वाय अडॉप्टरच्या माइक सॉकेटमध्ये तीन पट्ट्यांची पिन बसते खरी, पण आत एक तर आयच पुढे जातो, नाहीतर आय-क्यू एकत्र जोडले जातात. विंडोज मग तो एक चॅनेल दोनदा दाखवतं, म्हणून मीटरवर दोन्ही पट्ट्या हलताना दिसतात आणि माणूस फसतो. अडॉप्टर न लावता सरळ तीन पट्ट्यांची पिन खुपसणं तर आणखी वाईट: रिसीव्हरचे आउटपुट लॅपटॉपच्या हेडफोन आउटपुटला जाऊन भिडतात. दोनशे-तीनशे रुपयांत मिळणाऱ्या पेनड्राइव्हएवढ्या यूएसबी कार्डांतही बहुधा एकच माइक चॅनेल असतो. सीएम१०८ ही चिप असलेली कार्डं तर हमखास तशीच. खोक्यावर ‘स्टिरिओ’ लिहिलेलं असतं ते आउटपुटबद्दल.

खात्री करून घ्यायची तर ऑडॅसिटी या प्रोग्रॅममध्ये स्टिरिओ रेकॉर्डिंग सुरू करा आणि रिसीव्हरकडच्या पिनचं टोक, मग मधली पट्टी, अशी आळीपाळीने बोटाने शिवा. दोन्ही वेळेला दोन्ही ट्रॅक सारखेच हलले, तर कार्ड मोनो. एकदा वरचा आणि एकदा खालचा हलला, तर स्टिरिओ.

नव्या कार्डावरही इमेज, म्हणजे उलट बाजूचं भूत, थोडीफार दिसेलच. तिचा नमुना नीट वाचला तर दोष कुठे आहे ते तीच सांगते.

इमेज खऱ्या सिग्नलइतकीच जोरकस आणि सगळ्या बँडभर तशीच असेल, तर एक चॅनेल पोचतच नाही: मोनो इनपुट, तुटलेली तार, न लागलेला सोल्डर किंवा गंजलेला जॅक. इमेज सगळीकडे सारखीच पण २५-३० डेसिबल खाली असेल, तर दोन चॅनेलच्या गेनमध्ये, म्हणजे सिग्नल किती पटीने वाढतो त्यात, फरक आहे, आणि तो सॉफ्टवेअरमध्ये जातो. सगळं स्वच्छ आहे पण आकडे उलटे, म्हणजे एफटी८ या डिजिटल संदेशांची गर्दी ७.०७४ ऐवजी ७.०३८ ला दिसतेय आणि एलएसबी या ४० मीटरवरच्या नेहमीच्या पद्धतीतलं बोलणं बदकासारखं येतंय, तर आय-क्यूची अदलाबदल झाली आहे. सॉफ्टवेअरमधला स्वॅपचा पर्याय दाबा, सोल्डरिंग गन काढू नका.

चौथा नमुना फसवा आहे: मध्याजवळ इमेज नगण्य, पण कडेला जावं तसतशी वाढत जाते. काही यूएसबी कार्डं एक चॅनेल एका सॅम्पलने, म्हणजे सिग्नलच्या एका मोजणीने, उशिरा पाठवतात. गाणी ऐकताना हे कुणाच्या बापाला कळत नाही. पण ४८ किलोहर्ट्झला एक सॅम्पल म्हणजे २०.८ मायक्रोसेकंद, म्हणजे मध्यापासून दर किलोहर्ट्झला ७.५ अंशांची चूक. १ किलोहर्ट्झवर इमेज अजून २४ डेसिबल खाली असते, १२ किलोहर्ट्झवर चूक ९० अंशांची होते आणि इमेज खऱ्याच्या बरोबरीला येते, त्याच्या पुढे इमेजच वरचढ ठरते. एफटी८ मध्यापासून १८ किलोहर्ट्झवर आहे. तिथली गर्दी ७.०३८ ला जास्त ठळक दिसते, माणूस स्वॅप करतो, आणि आता मध्याजवळची सगळी स्टेशनं उलटी होतात. असं झालं की मुकाट्याने स्वॅप पूर्ववत करा आणि उशीर तपासा. एकच ऑडिओ सिग्नल वाय केबलने दोन्ही चॅनेलला द्या, एक टकटक रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटीत सॅम्पलचे ठिपके दिसेपर्यंत झूम करा. दोन्ही शिखरं एकाच ठिपक्यावर हवीत. क्विस्क या एसडीआर सॉफ्टवेअरमध्ये ही एका सॅम्पलची दुरुस्ती करायची सोय आहे. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये नसेल, तर गेन-फेजच्या (ताकद आणि पुढे-मागेपणा जुळवायच्या) पट्ट्यांनी हा दोष जात नाही, कारण तो प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा असतो. एका जागी शून्य केला की दुसरीकडे डोकं वर काढतो.

कार्ड विकत घेताना पहिली अट स्टिरिओ लाइन-इन. दुसरी, दोन्ही इनपुट एकाच जातीचे. उदाहरणार्थ बेरिंगरच्या यूएमसी२२ ला दोन इनपुट आहेत, पण एक माइक-लाइनचा आणि दुसरा गिटारचा. गाणाऱ्यासाठी छान, आपल्याला निरुपयोगी. यूएमसी२०२एचडीचे दोन्ही इनपुट सारखे आहेत आणि ते २४ बिट, १९२ किलोहर्ट्झपर्यंत जातं. फक्त दोन्ही गेनची बटणं वेगवेगळी आहेत, ती एकदा जुळवून चिकटपट्टीने बांधून टाका, नाहीतर पुसताना हात लागतो आणि कॅलिब्रेशन बिघडतं. त्याच कंपनीचं छोटं यूसीए२०२ हे १६ बिट, ४८ किलोहर्ट्झचं, आरसीए लाइन-इनचं. शिकण्यासाठी पुरेसं. आसुस झोनार यू७ ला २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचं लाइन-इन आहे. जुनं ई-म्यू ०२०२ हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, लोकांत फार चाललं. सेकंडहँड मिळालं तर घेण्याआधी तुमच्या विंडोजवर त्याचा ड्रायव्हर बसतो का ते पाहा.

सॅम्पल रेट, म्हणजे कार्ड सेकंदाला किती मोजण्या घेतं तो ४८, ९६ किंवा १९२ हजारांचा आकडा, येतो तिसऱ्या क्रमांकावर. क्रिस्टल ठरलेला असल्यामुळे तुम्हाला बँडचा केवढा तुकडा दिसणार हे कार्डच ठरवतं. ४८ ला ७.०३२ ते ७.०८०. ९६ ला ७.००८ ते ७.१०४. १९२ ला ६.९६० ते ७.१५२. आपला बँड ७.००० ते ७.२०० चा, आणि गप्पा वरच्या भागात जास्त. म्हणून ४८ वरून ९६ ची उडी खरी कामाची. १९२ ला कडेचे काही किलोहर्ट्झ कार्डाचा फिल्टर खातो आणि बऱ्याच कार्डांचा स्वतःचा नॉइजही तिकडे वर चढतो. ७.१५० च्या वर ऐकायचंच असेल तर १९२ च्या कार्डावर पैसे घालण्यापेक्षा एसआय५७० ऑसिलेटर असलेला, मध्य हलवता येणारा रिसीव्हर घ्यावा.

बिटांबद्दल उगाच चिंता नको. ४० मीटरवर ॲन्टेनातून येणारा नॉइजच इतका असतो की १६ बिटांचं बरं कार्ड तो सहज पकडतं. २४ बिटांचा फायदा असा, की जोरकस स्टेशनसाठी जागा ठेवूनही कमजोर स्टेशनं कार्डाच्या नॉइजमध्ये बुडत नाहीत.

आता सेटिंग्ज. विंडोजच्या साउंड पॅनेलमध्ये रेकॉर्डिंग टॅबवर कार्ड निवडा, ॲडव्हान्स्डमध्ये २ चॅनेल, २४ बिट, ९६००० हर्ट्झ ठेवा. एन्हान्समेंट, नॉइज सप्रेशन, इको कॅन्सलेशन, माइक बूस्ट, सगळं बंद. हे पर्याय माणसाचा आवाज ओळखून बाकीचं पुसायला बनवलेत, आणि आपल्याला तर ते बाकीचंच हवंय. प्रायव्हसीत माइक वापरायची परवानगी बंद असेल तर स्पेक्ट्रमवर नुसती सपाट रेघ येते. पुष्कळजण तेव्हा किट उघडून बसतात.

एचडीएसडीआरमध्ये एफ५ ला इनपुट म्हणून नवं कार्ड, आउटपुट म्हणून लॅपटॉपचा स्पीकर. एफ६ ला विंडोजमध्ये ठेवला तोच सॅम्पल रेट. इथे दोन आकडे जुळले नाहीत तर विंडोज गुपचूप सॅम्पल रेट बदलून देतं: स्पेक्ट्रम ९६ रुंद दिसतो, पण मधल्या ४८ मध्येच जीव असतो आणि दोन्ही बाजूंना काळोख. असा काळोख दिसला की कार्डाला दोष देऊ नका. एलओच्या, म्हणजे मध्य फ्रिक्वेन्सीच्या, जागी ७०५६००० लिहा आणि नंतर त्याला हात लावू नका. क्रिस्टलवाल्या किटमध्ये तो आकडा फिरवल्याने फक्त पट्टीवरचे आकडे सरकतात, रिसीव्हर जागचा हलत नाही. लिनक्सवर ‘डिफॉल्ट’ किंवा पल्सऑडिओ न निवडता कार्डाचं थेट हार्डवेअर नाव निवडा, आणि अल्सा मिक्सरमध्ये कॅप्चर लाइनवर, बूस्ट शून्य.

इनपुटला एक कार्ड आणि आउटपुटला दुसरं असलं की दोघांची घड्याळं किंचित वेगळी चालतात. काही मिनिटांनी एखादी टिचकी ऐकू येते. बफर वाढवा, किंवा हेडफोन नव्या कार्डालाच लावा.

गेन किती ठेवायचा याचं माप सोपं आहे. दुपारी बँड शांत असताना ॲन्टेना काढा, नॉइज फ्लोअर, म्हणजे स्पेक्ट्रमची तळाची पातळी, बघा. ॲन्टेना लावा. फ्लोअर निदान १० डेसिबल चढला पाहिजे. नाही चढला तर गेन कमी आहे, तुम्ही कार्डाचाच नॉइज ऐकताय. मग रात्री, बँड भरात असताना, कार्डाच्या पातळीचं मीटर पूर्ण मापाच्या १० डेसिबल खाली राहतं का पाहा. हे मीटर तुम्ही ऐकताय त्या एका स्टेशनचं नसून ९६ किलोहर्ट्झमधल्या सगळ्यांच्या बेरजेचं असतं. क्लिपिंग, म्हणजे सिग्नल मापाबाहेर जाऊन कापला जाणं, सुरू झालं की कुठलाही सिग्नल नसलेल्या जागीही रेघा उगवतात आणि फ्लोअर बोलण्याच्या तालात वरखाली होतो. दोन्ही अटी एकदम जमल्या नाहीत तर रात्रीपुरता १० डेसिबलचा ॲटेन्युएटर, म्हणजे सिग्नल क्षीण करणारा जोड, लावावा. २१.१६८ मेगाहर्ट्झजवळची स्टेशनं ४० मीटरवर घुसत असतील, तर तो गेनचा दोष नाही: स्विचिंग मिक्सर तिसऱ्या हार्मोनिकलाही, म्हणजे तिप्पट फ्रिक्वेन्सीलाही, ऐकतो. पुढचा बँडपास फिल्टर तपासा, टोरॉइडचे, म्हणजे कड्यावर गुंडाळलेल्या कॉइलचे, वेढे मोजताना एक चुकलेला असतो.

कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे दोन चॅनेल जुळवून घेण्यासाठी, स्थिर कॅरिअर (एकाच फ्रिक्वेन्सीचा सिग्नल) हवा. नॅनोव्हीएनए हे ॲन्टेना मोजायचं छोटं यंत्र असेल तर ठरावीक फ्रिक्वेन्सीवर, समजा ७.०६६ वर ठेवा आणि ६० डेसिबलच्या ॲटेन्युएटरमधून द्या. ॲटेन्युएटर नसेल तर नॅनोव्हीएनएच्या पोर्टला वीतभर तार लावून जवळ ठेवलं तरी चालतं. इमेज ७.०४६ ला दिसेल. ऑप्शन्समधल्या इनपुट चॅनेल कॅलिब्रेशनमध्ये आधी ॲम्प्लिट्यूडची पट्टी हलवून ती जितकी खाली जाईल तितकी न्या, मग फेजची, मग पुन्हा पहिली. दोन-तीन फेऱ्यांत बसते. दोन चॅनेलमध्ये १ टक्का गेनचा आणि १ अंश फेजचा फरक उरला तर इमेज साधारण ४० डेसिबल खाली असते. रोजच्या ऐकण्याला तेवढं पुरे. ५० मिळाले तर उत्तमच, पण त्यासाठी रात्र जागवू नका. कार्ड तापल्यावर थोडं सरकतंच, म्हणून अर्धा तास चालू ठेवूनच हे करा. झाल्यावर ७.०३६ आणि ७.०९० वरही बघा. मध्याजवळ छान आणि तिकडे वाईट असेल, तर वरचा चौथा नमुना आठवा.

मधल्या गुरगुरीचं मूळ वेगळं आहे. मध्याच्या दोन्ही बाजूंना ५०, १००, १५० हर्ट्झवर बारीक रेघा दिसत असतील तर तो ग्राउंड लूप: लॅपटॉपचा चार्जर आणि रिसीव्हरचा ॲडॉप्टर दोघेही भिंतीच्या सॉकेटमधून येऊन ऑडिओ केबलच्या शील्डमध्ये भेटतात. चार्जर काढून बघा. गुरगुर थांबली तर निदान झालं. कायमचा उपाय म्हणजे रिसीव्हर १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरच्या यूपीएसच्या बॅटरीवर चालवणं, केबल हातभरच ठेवणं. ऑडिओत १:१ चा ६०० ओहमचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालतात, पण तो अगदी जुळलेल्या जोडीचा नसेल तर गुरगुर जाते आणि फेजची चूक येते. मी तो शेवटचा उपाय मानतो. दर १ किलोहर्ट्झला उभ्या रेघा दिसल्या तर त्या यूएसबीच्या फ्रेमच्या, तिथे कार्डाच्या यूएसबी केबलला फेराइटचं कडं लावा आणि दुसरा पोर्ट वापरून बघा. गुरगुर मध्यात नसून प्रत्येक स्टेशनबरोबर फिरत असेल, तर रिसीव्हरचा स्वतःचा ऑसिलेटर ॲन्टेनाच्या वाटेने बाहेर जाऊन घरच्या वायरिंगमधल्या डायोडांवरून गुरगुर घेऊन परत येतोय. मिक्स ३१ जातीच्या फेराइटच्या मोठ्या टोरॉइडवर कोॲक्सचे, म्हणजे ॲन्टेनाच्या केबलचे, १०-१२ वेढे हा त्यावरचा इलाज.

इन्व्हर्टर हा वेगळाच राक्षस. चौकोनी लहरींचा असेल तर अख्खा ४० मीटर करवतीसारखा दिसतो. त्यामुळे गंमत अशी, की लाइट गेल्यावर इन्व्हर्टर बंद करून लॅपटॉप आणि रिसीव्हर दोन्ही आपापल्या बॅटरीवर ठेवले की बँड सर्वांत शांत मिळतो. आपल्याकडे ही संधी वारंवार येते.

उन्हाळ्याच्या शेवटी समुद्राकडच्या गावांत विजेच्या खांबांवरचे इन्सुलेटर खाऱ्या हवेने माखलेले असतात. पहाटेचं दव पडलं की त्यांवर चरचर सुरू होते आणि फ्लोअर वर चढतो. पहिल्या मोठ्या पावसात मीठ धुऊन गेलं की तो खाली येतो. मे महिन्यात कार्ड वाईट वाटलं तर निकाल जुलैपर्यंत राखून ठेवा. मे आणि परतीच्या पावसातल्या विजांसाठी मात्र थांबू नका. ढग दिसले की कोॲक्स काढून घराबाहेर टाका, यूएसबीही उपटा. ॲन्टेनाच्या टोकांवर साचणारा स्टॅटिक उतरायला कोॲक्सच्या मध्य तारेपासून ग्राउंडला १०० किलोओहमचा रेझिस्टर कायम ठेवा. विजेपासून तो वाचवत नाही.

डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेला तारेचा ॲन्टेना, ४० मीटरला सुमारे २०.३ मीटर लागतो, म्हणजे दोन माडांमध्ये आरामात मावतो. पण माड डोलतात, तर एका टोकाला कप्पी आणि वजन लावा, घट्ट बांधू नका. खाली येणाऱ्या कोॲक्सचं तोंड स्वतःला चिकटणाऱ्या रबरी टेपने बंद करा. खारं पाणी एकदा जाळीत शिरलं की वातीसारखं मीटरभर आत चढतं, आणि आतली तार काळी पडली की ती केबल गेलीच.

हवेतली हीच खार साउंड कार्डाच्या जॅकचा जीव घेते. वापर नसताना कार्ड आणि किट घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. सोन्याचा मुलामा असलेली पिन घ्या, पण सॉकेटही तसाच असेल तरच तिचा उपयोग. सॉकेट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, कुलपांचं तेल नको. श्रावणात एके दिवशी सगळी स्टेशनं पुन्हा दोन्ही बाजूंना सारख्याच जोराने दिसायला लागली, तर कॅलिब्रेशनच्या पट्ट्यांना हात लावू नका. पिन सॉकेटमध्ये दहा वेळा गोल फिरवा, मग वॉटरफॉल, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं सरकतं स्पेक्ट्रम, बघा.